घर की गोदाम?

माझ्या भाच्यानं आणि त्याच्या बायकोनं बडोद्याच्या जुन्या शहरात, बाजवाड्यातलं एक घर पसंत केलं आहे. अडीच मजले, सागवानी खांब, मधे लहानसा चौक, मांडवीपासून पायी पाच मिनिटं. ही बातमी फुटल्यापासून आमच्या कुटुंबात जो वाद पेटला आहे, तोच मी बडोद्यात गेली तीस वर्षं ऐकतो आहे. वाडा पाडला की हा वाद, रस्तारुंदीची आखणी निघाली की हा वाद, मंडळाच्या वार्षिक सभेत चहाच्या वेळीही हाच. एक बाजू म्हणते, ‘गावात, म्हणजे जुन्या शहरात, कोण घर घेतं आता? बाहेर भायलीला फ्लॅट घ्या, लिफ्ट आहे, पार्किंग आहे.’ दुसरी बाजू गहिवरून म्हणते, ‘घ्या रे घ्या, तुमच्यासारख्यांमुळेच जुनं बडोदं टिकेल.’ भाच्याकडे मात्र दोघांपैकी कोणीच नीट बघत नाही. पहिल्यांना तो अव्यवहारी वाटतो. दुसऱ्यांना आपल्या आठवणींचं जतन त्याच्या पगारातून व्हायला हवं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वाडा की फ्लॅट, हा सामना आपण उगाच लावून बसलो आहोत. जुन्या शहराच्या चार दरवाजांच्या आत आज जे घर विकायला निघतं, त्यावर डोळा असतो तो गोदामवाल्याचा. खाली दुकान, वर माल, रात्री कुलूप. राहायला येऊ पाहणारं कुटुंब आणि माल ठेवू पाहणारा व्यापारी यांच्यात ही बोली लागते, आणि आपले नियम, आपली कर्जव्यवस्था आणि आपली महानगरपालिका या तिघी मिळून कुटुंबाला हरवतात. लोकांची आवड बदलली म्हणून गाव ओस पडतंय, हे मला पटत नाही. ज्यांना यायचं आहे त्यांच्यासाठी दारच बंद आहे.

विरोधकांच्या म्हणण्यातलं बळ मी जाणतो, कारण ते मी सोसलं आहे. रावपुऱ्यातल्या वाड्यात मी अडतीस वर्षं राहिलो आणि 2003 साली ते घर सोडलं, ते आईसाठी. जिना लाकडी आणि उभा, दोराला धरून चढायचं. गुडघे गेल्यावर शेवटची दोन वर्षं आई माडीवरून खाली उतरली नाही. ओट्यावर बसलेल्या बायकांशी ती वरच्या खिडकीतून बोलायची. गोत्रीला फ्लॅट घेतल्यावर ती लिफ्टनं खाली गेली आणि बागेतल्या बाकावर बसली. त्या संध्याकाळचा तिचा चेहरा पाहिलेल्या मुलानं जुन्या घरांचे पोवाडे गाऊ नयेत, एवढं मला समजतं. शिवाय पोळीच्या, म्हणजे भिंतीला भिंत लागून घरं असलेल्या जुन्या गल्लीच्या, तोंडाशी आगीचा बंब अडतो, रुग्णवाहिका वळत नाही, माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून न्यावं लागतं. सणासुदीला लाऊडस्पीकरांच्या भिंती उभ्या राहतात आणि तान्ही मुलं दचकून उठतात. शेजाऱ्याच्या मोरीचं पाणी सामायिक भिंतीत मुरतं आणि आपल्या देवघराला ओल येते. त्यावरून पिढ्यापिढ्यांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. गाडी घेतली तर लावायची कुठे? यातलं काहीही खोटं नाही.

पण या हरकती नीट पाहाव्यात. जिन्याची अडचण सत्तरीच्या माणसाची आहे. ती तिशीतल्या जोडप्याला लागू होत नाही आणि वेळ येईल तेव्हा खालच्या खोलीत पलंग हलवता येतो. बंब आत जात नसेल, तर पोळीपोळीत पाण्याचे हायड्रंट बसवणं आणि लहान गाड्या ठेवणं हे नगराचं काम आहे. त्यासाठी वस्ती उठवायची गरज नाही. आणि आगीचीच भीती असेल, तर माणसं राहत असलेल्या घरापेक्षा छतापर्यंत कापडाचे तागे आणि प्लास्टिक रचलेली, रात्री कुलूपबंद असणारी इमारत अधिक भयानक नाही का? मंगळबाजार आणि नवाबाजार यांच्या मागच्या गल्ल्यांतून रात्री दहानंतर चालून पाहा. किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजा.

‘नवं ते सुरक्षित’ हे मात्र मी मान्य करणार नाही. हे शहर आज जिथे आहे तिथे ते एका पुरामुळे आहे. आजचा अकोटा म्हणजे प्राचीन अंकोट्टक, विश्वामित्रीच्या पश्चिमेला भरभराटलेली वस्ती. इसवी सन 600च्या सुमारास मोठा पूर आला आणि लोक नदीच्या पूर्वेकडच्या उंच जागेवर, वटपद्रक नावाच्या खेड्याकडे सरकले, असं शहराचा इतिहास सांगतो. त्या वटपद्रकाचंच पुढे वडोदरा झालं. चौदाशे वर्षांनी आपण पुन्हा नदीच्या अंगावर जाऊन घरं बांधली, तिचे नाले बुजवले. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीनं धोक्याची पातळी ओलांडून पस्तीस फुटांचा टप्पा पार केला. अकोटा स्टेडियमच्या भागात घराच्या छपरावर बसलेल्या मगरीची छायाचित्रं देशभर फिरली. माझी बहीण समा भागात तळमजल्यावर राहते. तिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, फ्रीज तरंगत होता. ती नेसत्या वस्त्रानिशी निघाली आणि मांडवीजवळ आमच्या चुलतभावाच्या दुसऱ्या मजल्यावर चार दिवस राहिली. पोळीतही पाणी साचलं होतं, पण संध्याकाळपर्यंत ते ओसरलं. दूधवाला दुसऱ्या दिवशी आला. शेजारच्या गुजराती काकींनी खिचडी-कढीचं पातेलं पाठवलं. गावात घर घ्यायचं भाच्याच्या मनात आलं, ते त्या चार दिवसांत. तो याच बहिणीचा मुलगा.

घरांच्या बळकटीचंही तसंच. 26 जानेवारी 2001च्या भूकंपात अहमदाबादेत कोसळल्या त्या प्रामुख्याने नव्या बहुमजली इमारती. पोळींतल्या लाकडी सांगाड्याच्या घरांनी तो धक्का बऱ्याच अंशी पचवला. लाकूड हलतं, वाकतं, पुन्हा जागेवर येतं. अर्थात लाकूड निरोगी असेल तरच. वाळवीनं पोखरलेल्या तुळईला कोणतीही परंपरा वाचवत नाही, आणि घर घेण्याआधी प्रत्येक खांबाला टोचा मारून पाहणारा सुतार सोबत न नेणं हा गुन्हाच आहे. भाच्यानं नेला होता. दोन तुळया बदलाव्या लागतील, बाकी लाकूड उत्तम आहे, असं तो म्हणाला.

आता ‘बाजारानंच निकाल दिला’ या युक्तिवादाकडे येतो. लोक आपल्या पायांनी बाहेर गेले, मग आपण कोण विचारणारे? मला हे अर्धसत्य वाटतं. बडोद्यात वस्ती कुठे वाढावी हे नेहमी सार्वजनिक पैशानं ठरवलं आहे. 1892 साली आजव्याचा तलाव पूर्ण झाला आणि नळाचं पाणी शहरात आलं. गावातलं राहणं सुसह्य झालं ते त्या पाण्यानं, लोकांच्या गावप्रेमानं नव्हे. 1861 मध्ये रेल्वे आली आणि शहराचं तोंड पश्चिमेकडे वळलं. पुढे रुळांच्या पलीकडे अलकापुरी वसली. 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, पाठोपाठ पेट्रोकेमिकल्सचे कारखाने आले आणि पगारदार वर्ग वसाहतींमध्ये गेला. त्यानंतर नगररचनेच्या टी.पी. स्कीमा, रिंगरोड, पूल. 2020 साली सेवासी, भायली, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया, वडदला ही गावं महानगरपालिकेत घेतली गेली, आणि तिथे रस्ते, ड्रेनेज, पाणी नव्यानं न्यायचं ओझं साऱ्या शहरावर आलं. त्याच वेळी ज्या भागात शंभर वर्षांपासून नळ आहेत, शाळा आहेत, खंडेराव मार्केट आहे, सयाजी हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे, तिथली खिडक्यांची दारं एकेक करून बंद होत होती. न्यायमंदिराची 1896 मधली ती भव्य इमारत 2018 साली न्यायालय दिवाळीपुऱ्याला गेल्यावर सुनी झाली. वकील गेले, टंकलेखक गेले, त्यांच्यासाठी उघडी असणारी उपाहारगृहं गेली. हा काय बाजाराचा निकाल होता? हे निर्णय माणसांनी टेबलाभोवती बसून घेतलेले आहेत, आणि टेबलाभोवती बसून ते दुसऱ्या दिशेलाही घेता येतात.

जो बाहेर जातो तो स्वस्तात सुटतो, हेही तपासून पाहावं. भाचा इस्पितळात तंत्रज्ञ आहे, भाचेसून रावपुऱ्यात शिक्षिका. भायलीहून येऊन-जाऊन रोजचे वीस किलोमीटर धरले, तर वर्षाच्या तीनशे दिवसांत सहा हजार किलोमीटर होतात, आणि वेळा वेगळ्या म्हणून दोन वाहनं. रोज जाणारा तास-सव्वा तास वेगळाच. मकरपुऱ्याच्या कारखान्यात किंवा कोयलीला नोकरी असणाऱ्यानं बाजवाड्यात घर घेऊ नये. त्याच्यासाठी हिशेब उलटा आहे. मी सगळ्यांना गावात बोलावत नाही.

मग ज्याचा हिशेब जुळतो त्याचं अडतं कुठे? भाच्याच्या मागे गेले पाच महिने फिरून मी हे शिकलो. घर ज्यांचं आहे त्या वहिनी पंचाहत्तरीच्या आहेत. प्रॉपर्टी कार्डावर अजून त्यांच्या सासऱ्यांचं नाव. वारस नऊ, दोघे पुण्यात, एक परदेशात, एकीचं माहेरच्यांशी बोलणं नाही. प्रत्येकाचं हक्कसोडपत्र हवं. तळमजल्याच्या पुढच्या खोलीत जुना भाडेकरू. त्याचं भाडं 1947च्या भाडेनियंत्रण कायद्यानं बांधलेलं, इतकं की त्यातून वर्षाचा मालमत्ता करही निघत नाही. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला घर सोडणं परवडत नाही, आणि मधल्या मधे छप्पर गळतं. त्या कायद्यानं फाळणीनंतरच्या टंचाईत लाखो कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर राखलं, हे मी विसरत नाही. पण भाडं गोठवलं आणि दुरुस्तीची सोय केली नाही, तर घर माणसाच्या आधी मरतं.

यानंतर कर्ज. बँकेचा मूल्यांकन करणारा येतो आणि ‘बांधकामाचं उरलेलं आयुष्य’ या रकान्यात काय लिहावं म्हणून थबकतो. सागवानी सांगाड्याचं शंभर वर्षांचं घर त्याच्या कोष्टकात बसत नाही, म्हणून किंमत धरली जाते ती जमिनीची. ज्या फ्लॅटचा पाया अजून खणलेला नाही त्यावर कर्ज मंजूर होतं आणि जे घर भूकंपात उभं राहिलं त्यावर होत नाही. गोदामवाल्याला यातलं काहीच आडवं येत नाही. त्याला कर्ज नको असतं. तो नऊ वारसांना बाहेरच्या बाहेर पटवतो, भाडेकरूला एकरकमी देऊन उठवतो आणि चार महिन्यांत घर ताब्यात घेतो. कुटुंब जंत्रीचे (सरकारनं ठरवलेले) दर, स्टँप ड्युटीचे 4.9 टक्के आणि दुरुस्तीचा खर्च यांची बेरीज करत बसतं. वहिनींना पहिली मागणी गोदामासाठीच आली होती. ‘माझ्या देवघरात खोकी रचणार म्हणून नाही म्हटलं,’ त्या म्हणाल्या. दुसऱ्या मालकाला हा नकार परवडला असता का? त्याला दोष तरी कसा द्यावा?

कर्जाच्या बाबतीत बडोद्यालाच एक जुनी वाट ठाऊक आहे. 1889 साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी इथे अन्योन्य सहाय्यकारी मंडळी स्थापन केली. देशातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं. ज्यांना सावकाराशिवाय कोणी उभं करत नव्हतं, त्यांनी आपली लहान बचत एकत्र केली आणि एकमेकांना तारण राहिले. जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी पाच-सात लाखांचं कर्ज ही आजची तशीच गरज आहे. वर्गणी काढून पालखी सजवणाऱ्या आणि संमेलनं भरवणाऱ्या आपल्या मराठी संस्थांना अशी पतसंस्था उभारणं का जमू नये? 2018 साली या शहरानं अखिल भारतीय साहित्य संमेलन भरवून दाखवलं. तेवढी शक्ती आपल्यात आहे.

अशांत धारा, म्हणजे दंगलग्रस्त भागांतल्या घरविक्रीवर बंधन घालणारा कायदा, याबद्दल बोलायला लोक कचरतात, म्हणून मी बोलतो. दंगलींच्या काळात घाबरून कवडीमोलानं घरं विकावी लागू नयेत म्हणून 1986 साली हा कायदा आला, आणि आज लागू आहे तो 1991चा. तो जिथे जाहीर झाला आहे तिथे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री ग्राह्य धरली जात नाही. जुन्या बडोद्याचा बराच भाग त्यात येतो. भयानं केलेली विक्री रोखावी, हा हेतू योग्यच होता. पण राजीखुशीनं, रास्त भावानं होणाऱ्या व्यवहाराला महिनोन् महिने तिष्ठत ठेवणं आणि शेजाऱ्यांच्या जबाबांतून ‘कोण यावं, कोण येऊ नये’ हे ठरू लागणं, हे त्या हेतूच्या विरुद्ध आहे. विकणारा राजी आहे का आणि किंमत रास्त आहे का, एवढंच तपासावं आणि ठरावीक मुदतीत उत्तर द्यावं. घेणाऱ्याचं आडनाव कोणतं, हे बघायचं काम त्या कायद्याकडे नाही.

आता गहिवरणाऱ्या बाजूला दोन शब्द. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्यानं राखला म्हणून त्याच्या भिंतींवरची एकोणिसाव्या शतकातली शेकडो चित्रं आज पाहता येतात. ते झालंच पाहिजे होतं. पण प्रत्येक घराचा तांबेकर वाडा करता येणार नाही आणि करूही नये. अहमदाबादला 2017 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला. तिथे जुन्या घराच्या मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क विकून दुरुस्तीला पैसा उभा करता येतो. ही तरतूद बडोद्यानं जरूर उचलावी. मात्र पाटी लागली म्हणून रहिवासी परत येत नाहीत. हवेलीचं हॉटेल झालं की पाहुणे येतात, शेजारी येत नाही. पुण्याच्या पेठांकडेही पाहावं. तिथे वाडे गेले, त्यांच्या जागी खाली पार्किंग असलेल्या चारमजली इमारती आल्या. डोळ्यांना ते रुचत नाही, मलाही रुचत नाही. तरी तिथे संध्याकाळी मुलं खेळतात, दुकानात उधारीची वही चालते. वाडा पाडून तिथे दहा कुटुंबं राहणार असतील आणि वाडा राखून त्यात खोकी राहणार असतील, तर मी पहिलं निवडीन. हे माझ्या काही मित्रांना दुखवणारं आहे. पण माणसांविना राखलेली पोळ माझ्या लेखी राखलेली नाहीच.

सुदैवानं या दोहोंतून एकच निवडायची सक्ती नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी 1916 साली बडोद्याच्या वाढीवर अहवाल लिहिला. त्यांची रीत अशी की आधी मोहल्ला पायी फिरून घर न् घर पाहायचं, अगदी मोडकळीला आलेली मोजकी घरं काढून तिथे मोकळी जागा करायची, बाकीची दुरुस्त करायची, आणि सरळ रुंद रस्त्यासाठी अख्खी वस्ती चिरायची नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आपले बांधकाम नियम मोकळ्या प्लॉटवरचा बंगला डोळ्यांपुढे ठेवूनच चालतात. दोन्ही बाजूंनी भिंतीला भिंत असलेल्या बारा फुटी घराला सामासिक अंतर (भोवती सोडायची मोकळी जागा) आणि पार्किंग विचारण्यात काय अर्थ आहे? गेडीस यांच्या रीतीनं आज काम करायचं, तर दर पोळीमागे एक पडीक जागा महानगरपालिकेनं घेऊन तिथे रहिवाशांची वाहनं लावावीत. वरच्या मजल्यांवर माल साठवायला स्पष्ट मनाई करावी आणि ती पाळली जाते का हे रात्री फिरून पाहावं. वारसनोंदीची शिबिरं पोळीतच भरवावीत, म्हणजे पंचाहत्तरीच्या बाईला कचेरीचे जिने चढावे लागणार नाहीत. तुळई बदलायला साधी नोंद पुरावी. न्यायमंदिराच्या इमारतीचं काय करायचं ते करा, पण तिथे रोज हजार माणसांना यावं लागेल असं काहीतरी करा.

‘आपला मराठी बाजवाडा’ वाचवायला भाच्यानं तिथे जावं, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: तुमच्या वाट्याचं हक्कसोडपत्र तुम्ही दिलंत का? मी ओळखतो त्या घरांपैकी निम्म्यांना कुलूप आहे, ते वारसांचं आपसांत पटत नाही म्हणून. विठ्ठलमंदिराचा वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, पाहायला देवउठी एकादशीला आपण सगळे मांडवीला जातो, फोटो काढतो, ‘काय ते दिवस होते’ म्हणतो आणि गाड्या काढून परत निघतो. वरघोडा ज्या खिडक्यांखालून जातो, त्या खिडक्यांत उभं राहणारी माणसं कुठून येणार आहेत?

नऊपैकी आठ सह्या झाल्या आहेत. नववी त्या न बोलणाऱ्या नणंदेची. तिच्याकडे मी आणि वहिनी मिळून रविवारी जाणार आहोत. परवानगीचा अर्ज त्यानंतर. मागच्या आठवड्यात वहिनींनी घराची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवली. पावसाला तीन आठवडे आहेत, चौकावरचे पत्रे बघून घ्या, म्हणाल्या, व्यवहार होवो न होवो.